दोन कर्जतांची फेरी : प्रस्तावना

विठ्ठलवाडीत राहणाऱ्याला कर्जत हे गाव म्हणून आठवत नाही, लोकल म्हणून आठवते. अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, नेरळ करत ती बोरघाटाच्या पायथ्याशी जाऊन थांबते. तिथे पावसाळ्याचे चार महिने दोरीवरचे कपडे वाळत नाहीत. महाराष्ट्रात दुसरे एक कर्जत आहे, अहिल्यानगर जिल्ह्यात. तिथे लोकल जात नाही आणि पाऊसही बेतानेच जातो. पहिल्या कर्जतला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पडतो. दुसऱ्याला पाचशे-सहाशे पडला तर वर्ष बरे गेले म्हणतात. दोन्हींमध्ये हवाई अंतर दोनशे किलोमीटरही भरणार नाही. मधे सह्याद्री उभा आहे, एवढेच.

या पुस्तकातली फेरी ही दोन्ही कर्जते एका दोऱ्यात ओवते. विठ्ठलवाडीहून निघायचे, मुरबाड, माळशेज घाट, ओतूर, आळेफाटा, पारनेरचा माळ, नगर, कर्जत, करमाळा, पंढरपूर. तिथून पश्चिमेला तोंड वळवून म्हसवड, दहिवडी, फलटण, मोरगाव, जेजुरी, सासवड, पुणे, लोणावळा. मग बोरघाट उतरून लोकलचे कर्जत आणि उल्हास नदीच्या सोबतीने परत घरी. आठशे किलोमीटरच्या आसपासचा हा वळसा आहे. डांबर सोडून पाणंदी आणि मुरमाड वाटा धरल्या की वाढतो. सामान सायकलच्याच अंगावर बांधलेले, मागून गाडी नाही, पाठ टेकेल तिथे मुक्काम. जगभर याला आता बाइकपॅकिंग म्हणतात आणि मराठीत अजून काही म्हणत नाहीत. पुस्तकाच्या चार लेखकांनी ‘फेरी’ एवढाच शब्द वापरला आहे. तो मला पुरेसा वाटतो. आपल्याकडे फेरी भाजीवाल्याची असते, प्रभातफेरी असते, देवळाभोवतीही असते, आणि ती जिथून सुरू झाली तिथेच संपते.

त्यांच्याबरोबर मीही एकदा गेलो होतो. फेरी पूर्ण केली असे मात्र म्हणता येणार नाही. ते नंतर सांगतो.

आधी एका शब्दाचा निकाल लावायला हवा. या पुस्तकाचा विषय वाळवंटातली सायकलयात्रा आहे असे कुणी म्हटले की जाणकार लगेच हरकत घेतील, आणि ती रास्त असेल. भूगोलाच्या हिशेबाने वर्षाला अडीचशे मिलिमीटरहून कमी पाऊस तिथे वाळवंट. माण, खटाव, कर्जत, करमाळा हे निमशुष्क प्रदेश. सरकारी भाषेत अवर्षणप्रवण. वाळूच्या टेकड्या नाहीत, उंट नाहीत. पण मराठी माणसाच्या तोंडात वाळवंट हा शब्द जैसलमेरहून आलेला नाही. तो पंढरपूरचा आहे. चंद्रभागेचे वाळवंट म्हणजे नदीकाठची वाळू, जिथे कीर्तन होते, दिंड्या उतरतात, माणसाला माणूस लागून उभा असतो. रिकामेपणाचा शब्द आपण गर्दीच्या जागेला दिला आहे. फेरीचे पूर्वेकडचे टोक नेमके तिथे येते, हे मला या मार्गाचे सगळ्यात मोठे भाग्य वाटते. विठ्ठलाच्या नावाच्या वाडीतून निघून विठ्ठलाच्या वाळवंटात जायचे आणि मधला सगळा कोरडा मुलूख डोळे उघडे ठेवून बघायचा.

हा मुलूख कोरडा का, हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलेले असते. अरबी समुद्रावरून येणारे ओले वारे सह्याद्रीवर चढतात, चढताना थंड होऊन तिथेच मोकळे होतात, आणि पलीकडे उतरताना तापतात, कोरडे होतात. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि तीसेक किलोमीटरवरच्या वाईला सातशेच्या आसपास, हे उदाहरण तर भूगोलाच्या मास्तरांना तोंडपाठ. पर्जन्यछाया हा शब्द पुस्तकात वाचणे आणि ती छाया अंगावरून सरकताना कळणे यांत मात्र फरक आहे. मोटारीतून जाताना माळशेज संपतो आणि आपण ‘घाटावर’ येतो, झाले. सायकलवर हा बदल इंचाइंचाने होतो. घाटमाथ्यावर कातळालाही शेवाळ. ओतूरला अजून ओल आहे, भाजीपाला आहे. आळेफाट्यापुढे झाडांची उंची कमी होऊ लागते. टाकळी ढोकेश्वरपर्यंत बाभूळ, हिवर, तरवड एवढीच मंडळी उरतात, आणि मोज्यात कुसळे घुसलेली असतात. ताशी बारा-पंधरा किलोमीटर हा वेग पर्जन्यछाया समजण्यासाठीच केलेला आहे की काय असे वाटते.

युरोपातही असे एक ठिकाण आहे. स्पेनच्या दक्षिणेला ताबेर्नासचे वाळवंट सिएरा नेवाडाच्या आणि शेजारच्या डोंगरांच्या आडोशाने कोरडे राहिले आहे. ग्रानाडाहून सुटणारी ‘बॅडलँड्स’ ही बाइकपॅकिंगची शर्यत २०२० पासून तिथून जाते आणि जगभरातले स्वार विमानाने तिथे उतरतात. आपले ताबेर्नास विठ्ठलवाडीहून दोन दिवसांच्या पेडलवर आहे. एवढी साधी गोष्ट लक्षात यायला आपल्याला इतकी वर्षे लागली.

सायकल आणि वाळवंट यांची गाठ जुनी आहे. १८९० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात सोन्याच्या खाणी सापडल्या. घोड्याला पाणी आणि चारा लागतो, सायकलला काहीच लागत नाही, म्हणून खाणीखाणींतून निरोप आणि टपाल नेणारे सायकलस्वार निघाले. ते ज्या वाटा धरत त्या उंटांच्या तांड्यांनी तुडवून गुळगुळीत केलेल्या असत. त्या तांड्यांबरोबरचे बरेच सारवान बलुचिस्तान आणि सिंधमधून गेलेले. त्याच खाणींतल्या कूलगार्डीहून आर्थर रिचर्डसन १८९६ मध्ये नलरबॉरचे निर्जळ मैदान ओलांडून ॲडिलेडला पोचला. १८९९ मध्ये पर्थहून निघून पुढच्या वर्षी तो सबंध ऑस्ट्रेलियाला वळसा घालून पर्थलाच परत आला. वाळवंटातली पहिली मोठी फेरी शोधायची तर मी हीच धरीन. १८९७ मध्ये अमेरिकी लष्कराच्या पंचविसाव्या पायदळातल्या वीस कृष्णवर्णीय सैनिकांनी मोंटानातल्या मिझूलाहून सेंट लुइसपर्यंत सुमारे तीन हजार किलोमीटर सायकली हाकल्या, पाठीवर नव्हे, सायकलीवर बिऱ्हाड बांधून. नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांत चाके रुतायला लागली तेव्हा ते रेल्वेच्या रुळांमधून गेले.

आणि आपली मुंबई. १५ ऑक्टोबर १९२३ ला सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रदक्षिणेला निघाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे ती पुरी करून मार्च १९२८ मध्ये परतले. बलुचिस्तान, इराण, इराक आणि सीरियाचे वाळवंट त्यांनी तेव्हाच्या जड लोखंडी सायकलींवर पार केले. त्यांच्या पुस्तकाला जवाहरलाल नेहरूंनी प्रस्तावना लिहिली होती. प्रस्तावना लिहिणाऱ्याने स्वतः सायकल चालवलीच पाहिजे असा नियम नाही, याचा एवढा भक्कम आधार मला दुसरीकडे मिळाला नसता.

‘बाइकपॅकिंग’ हा शब्द १९७३ मध्ये ‘नॅशनल जिओग्राफिक’च्या एका लेखात दिसतो. त्याला आजचा अर्थ मात्र नंतर, आणि गंमत म्हणजे बर्फात मिळाला. १९८७ मध्ये अलास्कात ‘इडिटाबाइक’ शर्यत सुरू झाली. तिथे कॅरिअरला लटकवलेल्या जड पिशव्या निरुपयोगी ठरल्या, म्हणून सामान मऊ पिशव्यांत भरून सीटखाली, हँडलला आणि फ्रेमच्या त्रिकोणात घट्ट बांधायची रीत रुजत गेली. पुढे कॅनडातल्या बान्फहून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत ‘ग्रेट डिव्हाइड’चा मार्ग आखला गेला, २००८ पासून त्यावर ‘टूर डिव्हाइड’ होऊ लागली, आणि वायोमिंग-न्यू मेक्सिकोच्या कोरड्या पठारांनी बर्फातली ही विद्या वाळूत आणली. मग मेक्सिकोतला बाहा, मोरोक्कोचा ॲटलस, स्पेन. आता प्रत्येक वाळवंटाला कुणी ना कुणी वेढा घातलेला आहे.

या विद्येत घराणी आहेत, गाण्यात असतात तशी. एक घराणे वेगवाल्यांचे: कमीत कमी सामान, कमीत कमी झोप, बाहेरची मदत निषिद्ध. दुसरे जुन्या सायकलप्रवाशांचे: दोन्ही बाजूंना पिशव्या, स्टोव्ह, तंबू, वाटेत कुणी थांबवले तर दोन दिवस मुक्काम. तिसरे फ्रेंच वळणाचे, ब्रेव्हेवाल्यांचे: दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, तीनशे वीसमध्ये, चारशे सत्तावीसमध्ये, सहाशे चाळीसमध्ये, कुणाला हरवायचे नाही, घड्याळाला सांभाळायचे. मराठी मुलखात गेल्या दीड दशकात सगळ्यात जोरात रुजले ते हे तिसरे. त्याच हवेतून नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू २०१५ मध्ये ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ दोघांच्या गटात पूर्ण करून आले, आणि २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी ती एकट्याने पुरी केली. कॅलिफोर्निया-ॲरिझोनाचे तापलेले वाळवंट त्या शर्यतीच्या सुरुवातीलाच येते. या सगळ्यांविषयी मला आदर आहे. पण खरे सांगायचे तर घड्याळवाल्या घराण्याने आपल्याकडे एक सवय लावली आहे: रस्ता म्हणजे किलोमीटर आणि गाव म्हणजे कंट्रोल पॉइंट. दहिवडी कशी आहे विचारले तर ‘चढ आहे’ असे उत्तर देणारे स्वार मला भेटले आहेत.

चौथे एक घराणे आहे. त्याला आपण घराणे म्हणत नाही, कारण ते सायकलच्या फार आधीचे आहे. फलटण, माण, खटावकडचे धनगर पाऊसकाळ सरला की मेंढरे घेऊन कोकणाच्या दिशेने निघतात. वाटेत शेतकऱ्यांच्या रानात मेंढरे बसवतात, त्याबदल्यात धान्य किंवा पैसे घेतात, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी माळावर परत येतात, कारण कोकणातला पाऊस मेंढराला मानवत नाही. बिऱ्हाड तट्टावर: वाकळा, भांडी, कोंबड्या, वर लहान पोर. तट्टू हाकत पुढच्या मुक्कामाची जागा गाठायचे काम बहुधा बायकांचे. ओल्यातून कोरड्यात आणि कोरड्यातून ओल्यात जाणारी ही फेरी शतकानुशतके चालली आहे. गुंथर सोन्थायमर यांनी तिचा आणि तिच्यातल्या देवांचा माग काढण्यात आयुष्य घालवले. पंढरीच्या वाटा पशुपालकांच्या त्याहून जुन्या वाटांवर पडल्या असाव्यात असा विचार दा. ध. कोसंबींनी मांडला. ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या १९८४ च्या ग्रंथात रा. चिं. ढेऱ्यांनी तर विठ्ठलाचेच मूळ गवळी-धनगरांच्या देवात शोधले. तेव्हा वाळवंटातली फेरी आपण परदेशातून आणली असे मानायचे कारण नाही. आणल्या असतील तर फक्त पिशव्या.

लेखक या चौथ्या घराण्याच्या जवळ आहेत, पण स्वतःला धनगर समजण्याचा बावळटपणा त्यांनी केलेला नाही. धनगर पोटासाठी चालतो. हे चौघे शनिवारच्या सुट्टीला रजा जोडून निघालेले आहेत. ही लाज पुस्तकभर त्यांच्या मनात आहे आणि त्यामुळेच पुस्तक वाचनीय झाले आहे.

कोरड्या मुलखातल्या सायकलस्वाराचे सारे तंत्र शेवटी दोन गोष्टींवर येते, पाणी आणि काटा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, हे गणित चढावर फार लवकर समजते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढेच महिने या फेरीचे. तरीही दुपारी तासाला अर्धा ते एक लिटर पोटात जाते. पूर्वी विहीर किंवा हापसा बघावा लागे. आता बऱ्याच गावांत नाणे टाकले की जार भरून देणारे यंत्र असते. बाटली घेऊन तिथे उभे राहिले की यंत्राला थोडे देणे माहीत नसते. ते वीस लिटर सोडते. दोन बाटल्या भरून उरलेले पाणी ज्याच्या कळशीत पडते तो त्या दिवशीचा आपला यजमान.

काट्याचे नाव सराटा. जमिनीलगत पसरणारा वेल, पिवळे इवलेसे फूल, आणि फळ असे की कसेही पडले तरी एक टोक आभाळाकडे. आयुर्वेदात हाच गोखरू. अमेरिकेच्या वाळवंटात हा बाहेरून गेलेला पाहुणा आहे आणि तिथल्या सायकलस्वारांनी त्याच्याच धसक्याने ट्यूब काढून टायरमध्ये चीक भरायला सुरुवात केली. माझी सायकल जुनी, ट्यूबवाली. म्हसवड आणि दहिवडीच्या मधे एका मुरमाच्या वाटेवर मी लघवीला म्हणून दहा पावले आत गेलो, सायकल हातात धरून. परत आलो तर पुढच्या चाकात नऊ आणि मागच्यात सात सराटे. एकेक उपटताना फुस्स असा बारीक आवाज. चकत्या सहाच होत्या. बांधावर बसलेल्या एका म्हाताऱ्याने हा सोहळा संपूर्ण पाहिला.

“पाव्हणं, कुठनं आला?”

“कल्याणहून.”

“एस्टी न्हवती का?”

“होती.”

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग उठला, घरामागून एक फाटकी ट्यूब आणली, तिचे चौकोन कापून दिले आणि माझ्या सोल्युशनची नळी हातात घेऊन म्हणाला, “हे वाळू द्या आदी. घाई करताय म्हणून सुटतंय.” ते चौकोन अजून माझ्या चाकात आहेत. आमच्यातल्या एकाच्या हँडलवर उपग्रहाशी बोलणारे यंत्र होते. सराटे कुठे आहेत हे त्याला ठाऊक नव्हते.

हे पुस्तक आत्ता का यावे? कारण हा कोरडा मुलूख झपाट्याने बदलतो आहे आणि आपण त्याला अजून जुन्याच दोन चष्म्यांतून पाहतो. एक चष्मा दुष्काळाचा: १९७२, खडी फोडणाऱ्या बायका, सुकडी, चारा छावण्या, टँकर. हे सारे खरेच आहे. फेरीतले कित्येक रस्ते आणि पाझर तलाव रोजगार हमीच्या घामातून झालेले आहेत. पण तेवढेच खरे नाही. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘माणदेशी माणसं’ १९४९ मध्ये लिहिले तेव्हाही तिथे दुष्काळाखेरीज बरेच काही होते. दुसरा चष्मा पडीक जमिनीचा. माळरान म्हणजे रिकामी जागा, तिथे काहीही उभारावे. सरकारी नकाशांतही गवताळ माळ बऱ्याचदा पडीक म्हणूनच रंगवला जातो. त्या ‘पडीक’ जागेत कर्जतजवळ रेहेकुरीला काळविटांचे अभयारण्य आहे, दोन चौरस किलोमीटरच्या थोडे वर. सुप्याला मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा आहेत. सोलापूरजवळ नान्नजचे अभयारण्य १९७९ मध्ये माळढोकासाठी झाले. त्या पक्ष्याची आजची स्थिती काय, ते पुस्तकात वाचा. मला ते इथे लिहवत नाही.

दुसरीकडे टेंभू, उरमोडी, जिहे-कठापूर अशा उपसा योजनांचे पाणी चढत-चढत माणदेशात पोचते आहे. जिथे मटकी-हुलगा होता तिथे ऊस दिसतो. याबद्दल बाहेरून आलेल्या सायकलस्वाराने नाक मुरडू नये. पाणी आलेल्या गावाला आपला रम्य कोरडेपणा राखायला सांगणारे आपण कोण? लेखकांचे आणि माझे इथे थोडे बिनसले. त्यांना उसाने फेरीची रंगत जाते असे वाटते. मला वाटते ऊस आणि माळ शेजारी-शेजारी दिसणे, एका बाजूला हिवरे बाजारसारखे पाण्याचा हिशेब मांडून पीक ठरवणारे गाव आणि दुसऱ्या बाजूला उजनीच्या पाण्यावर तरारलेला मुलूख, हीच आजची खरी रंगत आहे.

आणि रस्तेही बदलताहेत. समृद्धी महामार्गावर सायकलला मज्जाव आहे. जुने रस्ते चौपदरी होताना कडेची मुरमाची पट्टी आणि वडाच्या रांगा जातात. कल्याणचा देशावर जाणारा रस्ता दोन हजार वर्षांचा. सातवाहनांच्या काळात कल्याणच्या बंदरातला माल नाणेघाटाने जुन्नरला चढे आणि घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा म्हणून दाखवतात. त्या रस्त्याची आत्ताची अवस्था सायकलच्या उंचीवरून कुणीतरी लिहून ठेवायला हवी होती. ती यात आहे.

पुस्तकात काय नाही तेही सांगतो. सामानाची यादी नाही, कोणती सायकल घ्यावी याचा सल्ला नाही, रोजचे किलोमीटर शेवटी एका पानात उरकले आहेत. नकाशा हाताने काढलेला आहे आणि त्यावर गावांच्या नावांपेक्षा विहिरी, हापसे, सावलीची झाडे आणि पंक्चरवाले जास्त आहेत. उणीव म्हणाल तर एक मोठी आहे: चौघेही पुरुष आहेत. माळावर उघड्यावर झोपण्याचे त्यांना जे सुख वाटते ते एकट्या बाईला वाटेल का, हा प्रश्न पुस्तकात एकदाच येतो आणि लवकर निघून जातो. दुसऱ्या आवृत्तीत तो मुक्कामाला राहावा. उल्हासनगरविषयीची पाने मात्र मला फार आवडली. स्टेशनच्या एका अंगाला कल्याण पूर्व, दुसऱ्या अंगाला १९४९ मध्ये नाव मिळालेली निर्वासितांची ही वसाहत. सिंधमधून, म्हणजे थरच्या शेजारून आलेली कुटुंबे वालधुनीच्या काठी वसली. फेरीची सुरुवात अशा गल्लीतून होते जिथल्या म्हाताऱ्यांना वाळवंट कुणी समजावून सांगायला नको.

राहता राहिली माझी गोष्ट. आठव्या दिवशी संध्याकाळी आम्ही बोरघाट उतरून कर्जतला आलो. सात दिवस कोरडे पडलेले ओठ दमट हवेत मऊ झाले होते. घर पन्नासेक किलोमीटरवर, रस्ता सपाट, हवा गार. चौघांनी चहा घेतला आणि नेरळच्या दिशेने निघाले. मी त्यांना हात केला, तिकीट काढले आणि सायकल मालडब्यात भाजीच्या टोपल्यांना टेकवून उभी केली. विठ्ठलवाडीला उतरून घरी पोचलो, अंघोळ केली, जेवलो, आणि गॅलरीत येऊन उभा राहिलो. ते अकरा वाजता आले. चारही दिवे एकामागोमाग गल्लीत वळले, आणि त्यातल्या एकाने खालूनच विचारले, “एस्टी न्हवती का?”